ऐकू येणं आणि कळणं

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, त्यावर बोलणारे हल्ली गल्लोगल्ली आहेत. मला त्याहून जुन्या आणि आकारानं फार लहान अशा एका यंत्राबद्दल बोलू द्या. त्याचं नाव कॉक्लियर इम्प्लांट. पूर्ण बहिऱ्या माणसाच्या कानाच्या आत शस्त्रक्रियेनं बसवतात, आणि त्याला आवाज ऐकू येऊ लागतो.

मी डॉक्टर नाही आणि श्रवणतज्ज्ञही नाही. माझा या यंत्राशी संबंध मावशी म्हणून आला. माझी धाकटी बहीण, जी याच शाळेत माझ्यामागे तीन वर्षं होती आणि आत्ता मागच्या रांगेत बसून "हिनं आता काय काय सांगायचं ठरवलंय" अशा चेहऱ्यानं माझ्याकडे बघतेय, तिची मुलगी जन्मतः बहिरी आहे. तिला हे यंत्र बसवून तेरा वर्षं झाली. या तेरा वर्षांत मी या यंत्राकडे इंजिनिअर म्हणून पाहिलं आणि घरातली एक म्हणूनही. त्यातून जे एक समजलं तेवढंच आज सांगायचं आहे. यंत्र आवाज देतं, त्या आवाजाची भाषा माणसांना करावी लागते, आणि त्या कामाला मुदत असते.

आधी कान कसा चालतो ते थोडक्यात सांगते. विज्ञानाच्या सरांनी हे फळ्यावर काढून शिकवलं होतं, पण तेव्हा आपलं लक्ष मधल्या सुट्टीच्या घंटेकडे असायचं. आवाजाच्या लाटा पडद्यावर आपटतात, मागची तीन चिमुकली हाडं ती थरथर पुढे ढकलतात, आणि ती पोचते कॉक्लियात. कॉक्लिया म्हणजे वाटाण्याएवढी, शंखासारखी अडीच वेढे घेतलेली नळी. तिच्यात द्रव भरलेला असतो आणि केसासारखी टोकं असलेल्या हजारो पेशी एका पट्टीवर ओळीनं बसलेल्या असतात. प्रार्थनेच्या वेळी बाई पेटी वाजवायच्या ती आठवा. तिच्या एका टोकाला खर्जाच्या पट्ट्या आणि दुसऱ्या टोकाला तार सप्तकाच्या. कॉक्लियाही तशीच आहे. तोंडाशी बारीक, उंच आवाज उमटतात आणि आतल्या टोकाला जाड, खालचे. आवाजाची लाट या पट्टीवरून कशी धावते हे शोधणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशींना 1961 सालचं नोबेल मिळालं. कुठल्या जागची पेशी हलली यावरून मेंदूला स्वर कळतो. पेशी हलली की ती विजेचा बारीकसा इशारा करते आणि श्रवणाची नस तो मेंदूकडे नेते.

जन्मतः ठार बहिऱ्या बऱ्याच मुलांमध्ये बिघाड असतो तो या पेशींमध्ये. नस शाबूत असते आणि मेंदूही वाट बघत असतो, पण मधला दुवा गेलेला असतो. कानामागे लावायचं साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. ज्याच्या पेशी थोड्याफार शिल्लक आहेत त्याला त्याचा चांगला उपयोग होतो. पेशीच नसतील तर आवाज कितीही मोठा केला तरी ऐकणार कोण? कॉक्लियर इम्प्लांट इथे वेगळा मार्ग धरतं. ते पेशींना वगळून थेट नसेलाच विजेचे ठोके देतं.

याचे दोन भाग असतात. बाहेरचा भाग कानावर बसतो. त्यात मायक्रोफोन, बॅटरी आणि एक छोटा संगणक असतो. तो येणारा आवाज उंच-खालच्या पट्ट्यांत वाटतो, प्रत्येक पट्टीत किती जोर आहे ते मोजतो आणि रेडिओ लहरींनी कातडीखालच्या भागाला कळवतो. दोन्ही भाग एकमेकांना चुंबकानं धरून असतात, कातडीतून वायर जात नाही. आतल्या भागापासून निघालेली बारीक तार कॉक्लियाच्या वेढ्यांत सरकवलेली असते. तिच्यावर कंपनीप्रमाणे 12 ते 22 विद्युत-अग्रं असतात. उंच आवाज आला की तोंडाजवळचं अग्र ठोका देतं आणि खालचा आवाज आला की आतलं.

आता हिशेब करा. श्रवणाच्या नसेत सुमारे तीस हजार तंतू, आणि आपल्या हातात जास्तीत जास्त बावीस पट्ट्यांची पेटी. त्यातही आतल्या द्रवातून वीज पसरते, एका पट्टीवर बोट ठेवलं की शेजारचीही दबते. प्रत्यक्षात आठेक वेगळ्या पट्ट्यांचंच काम होतं. एवढ्यावर बोलणं समजावं कसं? पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा इंजिनिअर म्हणून मला ते अशक्य वाटलं. पण 1995 साली रॉबर्ट शॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या लोकांना बोलण्यातला सगळा तपशील पुसून फक्त चार पट्ट्यांत बसवलेला खरखरीत आवाज ऐकवला. थोड्या सरावानं त्या लोकांना शांत खोलीत वाक्यं समजू लागली. माणसाचा मेंदू अर्धवट माहितीवरून अर्थ लावण्यात पटाईत आहे. सगळी गंमत आणि सगळी अट त्या एका गोष्टीत आहे, कारण त्या लोकांच्या मेंदूत भाषा आधीच बसलेली होती.

हे यंत्र एका दिवसात झालं नाही. 1957 साली पॅरिसमध्ये आंद्रे जूर्नो आणि शार्ल आयरियेस यांनी एका बहिऱ्या माणसाच्या नसेला विजेनं आवाजाची जाणीव करून दिली. त्याला लय कळायची, बोलणं कळत नव्हतं. लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस यांनी 1961 पासून रुग्णांवर काम केलं. व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर या इंजिनिअर जोडप्यानं घडवलेलं यंत्र 1977 साली बसवलं गेलं. मेलबर्नमध्ये ग्रॅमी क्लार्क यांनी 1978 साली त्यांचं पहिलं प्रत्यारोपण केलं. क्लार्क यांचे वडील औषधाचं दुकान चालवायचे आणि त्यांना कमी ऐकू यायचं. गिऱ्हाईक काय मागतंय ते नीट ऐकू न आल्यानं होणारी वडिलांची ओढाताण या मुलानं लहानपणी पाहिली होती. शंखासारख्या नळीत तार सरकवायची कशी हा त्यांचा प्रश्न समुद्रकिनाऱ्यावर सुटला. सापडलेल्या एका शंखात त्यांनी गवताची पाती घालून पाहिली. टोकाला लवचिक आणि बुंध्याकडे ताठ असलेली पाती वेढ्यांतून सहज आत गेली. तार तशीच करायची ठरली.

आमच्या क्षेत्रातला मोठा टप्पा 1991 सालचा. ब्लेक विल्सन हे विद्युत अभियंते. सगळ्या अग्रांनी एकदम ठोके दिले की विजेची सरमिसळ व्हायची आणि गोंगाट ऐकू यायचा. विल्सन यांच्या गटानं अग्रांना पाळीपाळीनं, एकामागून एक, पण सेकंदाला शेकडो वेळा ठोके द्यायला लावले. सगळ्या वर्गानं एकदम ओरडायचं नाही, हात वर करून एकेकानं बोलायचं, हा आपल्या बाईंचा नियमच म्हणा ना! त्याच यंत्रावर, त्याच रुग्णांना बोलणं एकदम चांगलं समजू लागलं. आतलं काही न बदलता नुसत्या हिशेबाची पद्धत बदलून एवढा फरक पडतो, हे माझ्यासारखीला फार भावतं. क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि विल्सन या तिघांना 2013 साली लास्कर पुरस्कार मिळाला. 2019 अखेरपर्यंत जगभरात सात लाखांहून जास्त इम्प्लांट बसवली गेली होती.

इथवर यंत्र झालं. आता घर.

तुमच्यापैकी अनेकांनी मोबाईलवर ते व्हिडिओ पाहिले असतील. यंत्र सुरू होतं, बाळ दचकतं, आईचा आवाज ऐकून हसतं, सगळे डोळे पुसतात. आमच्याकडे तसं काही झालं नाही. शस्त्रक्रियेनंतर तीनेक आठवड्यांनी यंत्र सुरू केलं तेव्हा भाची सव्वादोन वर्षांची होती. श्रवणतज्ज्ञांनी पहिला आवाज दिला, तिनं खेळणं खाली ठेवलं आणि मोठ्यानं भोकाड पसरलं. मग कानावरचं ते सगळं ओढून फेकून दिलं. तिच्या बाजूनं विचार केला तर बरोबरच होतं. आयुष्यात जे कधी नव्हतं ते एकाएकी डोक्यात सुरू झालं होतं. पुढचे दोन महिने ती कुकरची शिट्टी झाली तरी मान वळवत नव्हती. बहिणीच्या सासूबाई म्हणायच्या, "एवढे पैसे घातले, पोरीला काही ऐकू येत नाही." तिला ऐकू येत होतं, पण ऐकू येणं आणि कळणं यात अंतर होतं. आपल्याला अनोळखी भाषेचा रेडिओ ऐकू येतो, म्हणून ती भाषा कळते का?

मूल पोटात असतानाच आईचा आवाज ऐकायला लागतं. जन्मल्यावर वर्षभर नुसतं ऐकतं, मग पहिला शब्द बोलतं. त्या वर्षभरात त्याच्या मेंदूत आवाजाची वाट मळत असते. वाट वापरलीच नाही तर तिच्यावर गवत उगवतं. मेंदू ती जागा डोळ्यांना, स्पर्शाला देऊन टाकतो. अनू शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूचा आवाजाला प्रतिसाद काही महिन्यांत वयाच्या मानानं योग्य होतो. सात वर्षांनंतर झालेल्यांत मात्र बहुतेकांचा मागेच राहतो. म्हणजे जन्मतः बहिऱ्या मुलाला तेच यंत्र, त्याच किमतीत, दुसऱ्या वर्षी बसवलं तर बोली भाषा येण्याची शक्यता मोठी, आणि दहाव्या वर्षी बसवलं तर फार कमी.

माझ्या भाचीचं बहिरेपण कळलं ते एकोणीस महिन्यांची असताना. त्याआधी वर्षभर बहीण म्हणत होती, हाक मारली की बघत नाही. तिला मिळालेली उत्तरं तुम्हालाही पाठ असतील. हिचा बापही उशिरा बोलला. टाळी वाजवली की बघते की! एका दवाखान्यात "तीन वर्षांपर्यंत वाट बघा" असं सांगितलं गेलं. टाळी वाजवल्यावर ती बघायची, कारण हात हललेला तिला दिसायचा किंवा हवा जाणवायची. बहिरं मूल डोळ्यांनी इतकं हुशार असतं की घरातल्यांना फसवतं. शेजारच्या एका बाईंनी तर गरोदरपणी ग्रहण पाळलं नव्हतं का, असंही विचारलं. बहिणीनं त्या कोणाचंच ऐकलं नाही, मुंबईला जाऊन बेरा ही तपासणी करून घेतली, आणि मग सगळं झपाट्यानं झालं. ती आणखी दोन वर्षं वाट बघत बसली असती तर आज माझं भाषण वेगळं झालं असतं.

यंत्र सुरू झाल्यावर खरं काम सुरू झालं, आणि ते झालं स्वयंपाकघरात. आठवड्यातून एकदा वाचा-श्रवण उपचारासाठी जायचं, आणि उरलेले सहा दिवस घरी बोलायचं. रोज सकाळी यंत्र लावल्यावर सहा आवाजांची परीक्षा: म, ऊ, आ, ई, श, स. डॅनियल लिंग यांनी ठरवलेले हे सहा आवाज बोलण्यातल्या खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या पट्ट्या व्यापतात. तोंड झाकून म्हणायचे, मुलानं ऐकून प्रतिसाद द्यायचा. "स" ऐकू आला नाही तर यंत्रात काहीतरी बिघडलंय. मग दिवसभर समालोचन. "आता आपण कांदा चिरूया. कांदा कुठे आहे? टोपलीत आहे. टोपलीतून कांदा काढला. अगं बाई, डोळ्यांत पाणी आलं!" माझी बहीण मुळात अबोल. शाळेत तोंडी परीक्षेला तिला रडू यायचं. ती बाई दिवसाला तोंडाला फेस येईपर्यंत बोलायची.

इथे मराठीबद्दल एक सांगते. बहिणीला अनेकांनी सल्ला दिला, की हिला एकच भाषा शिकवायची तर इंग्रजी शिकवा, पुढे उपयोगी पडेल. तिच्या उपचारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "तुम्ही भांडता कुठल्या भाषेत? त्याच भाषेत बोला." ज्या भाषेत आईला लाडही करता येतात आणि रागवताही येतं, तीच मुलाला दिवसाचे दहा तास मिळू शकते. आणि मराठी या यंत्राला सोपी नाही. आपलं व्याकरण शब्दाच्या शेपटात असतं. "आईनं बाबाला दिलं" आणि "आईला बाबानं दिलं" यांत फरक फक्त नं आणि ला यांचा, आणि आपण ते निम्मे गिळतो. त आणि ट, न आणि ण, प आणि फ हे तर कानाची परीक्षाच. भाची चार वर्षांची होईपर्यंत "मी" आणि "मला" यांत गोंधळायची. साडेतीनाव्या वर्षी एकदा तिनं पाठमोऱ्या आजीला आपण होऊन विचारलं, "आजी, काय करते?" सासूबाईंच्या हातातलं लाटणं खाली पडलं. त्या दिवसापासून इम्प्लांटच्या पैशांचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

आज ती दहावीत आहे, साध्या मराठी शाळेत. तिचा निकाल लागेल तेव्हा लागेल, पण ती वाद घालते, विनोद करते आणि फोनवर तासन्‌तास बोलते. फोनवर बोलणं हे आम्हाला बक्षिसासारखं वाटतं, तिच्या वडिलांना वाटत नाही.

पण चमत्काराची गोष्ट सांगून मी खाली बसले तर ते खोटं होईल. इम्प्लांट असलेला माणूस ऐकू येणारा होत नाही. रात्री यंत्र काढून ठेवलं की माझी भाची पूर्ण बहिरी असते. लग्नाच्या हॉलमध्ये, बँड वाजत असताना तिला कोणाचंही बोलणं कळत नाही. गाण्याचा ताल तिला आवडतो, पण चालीतला बारकावा तिच्यापर्यंत पोचत नाही, कारण बावीस पट्ट्यांत मींड बसत नाही. आवाज कुठल्या बाजूनं आला हे एका कानाच्या यंत्रावर कळत नाही, म्हणून रस्ता ओलांडताना आम्ही आजही तिचा हात धरतो आणि ती आजही झिडकारते. काही मुलांमध्ये श्रवणाची नसच नसते, त्यांना या यंत्राचा उपयोग नाही. आणि सगळं वेळेत करूनही काही मुलं फार थोडं बोलतात. त्यात आईवडिलांचा काही दोष नसतो.

म्हणून खुणांची भाषाही महत्त्वाची आहे. आमच्या घरात पहिली काही वर्षं तिच्यावर बंदी होती. हातांनी बोलली तर तोंडानं बोलणार नाही, अशी तेव्हाची समजूत. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात भाचीला बहिऱ्या मैत्रिणी भेटल्या आणि ती भारतीय सांकेतिक भाषा शिकून आली. आता रात्री यंत्र काढल्यावर मायलेकी अंधुक दिव्यात हातांनी गप्पा मारतात. तिचं बोलणं त्यानं कमी झालेलं नाही. बहिऱ्या समाजातले अनेक लोक म्हणतात, की आम्हाला दुरुस्त करायच्या वस्तूसारखं बघू नका, आमचीही पूर्ण भाषा आहे. ते ऐकून घ्यायला हवं. इम्प्लांट झालेलं असो वा नसो, मुलाला पहिल्या काही वर्षांत एक तरी भाषा भरपूर मिळायला हवी. भाषेवाचून गेलेली वर्षं परत आणता येत नाहीत.

समोर बरेच शिक्षक बसले आहेत, काही निवृत्त, काही अजून शिकवणारे. तुमच्या वर्गात असं मूल आलं तर दोन गोष्टी करा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आणि "समजलं का?" असं विचारू नका, ते मूल "हो" म्हणणारच. त्याला "मी काय सांगितलं ते सांग" म्हणा. भाचीच्या गणिताच्या सरांनी एवढं केलं, आणि तिचं गणित सुधारलं.

आणखी एक गोष्ट, खास पुढच्या रांगेसाठी. उतारवयात ज्यांचं ऐकणं पार गेलं आहे आणि श्रवणयंत्रानंही शब्द कळत नाहीत, त्यांच्यासाठीही कॉक्लियर इम्प्लांट असतं. त्यांच्या मेंदूत भाषा आधीपासूनच असते, त्यामुळे पुष्कळांना काही महिन्यांत बोलणं कळू लागतं. वयाची वरची मर्यादा नाही, तब्येत शस्त्रक्रियेला झेपली पाहिजे एवढंच. घरात चारचौघांत बसून काही न कळल्यानं हसऱ्या चेहऱ्यानं गप्प राहणारं माणूस तुमच्याकडे असेल, तर एकदा श्रवणतज्ज्ञांकडे घेऊन जा.

आता पैशांचं. हे यंत्र काही लाखांचं आहे. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या घरांतल्या जन्मतः बहिऱ्या मुलांना पाच वर्षांच्या आत इम्प्लांट मिळू शकतं. मुंबईत वांद्र्याला असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ते काम पाहते. म्हणजे गरिबाच्या मुलालाही ते मिळू शकतं, आणि मिळतं. खरी अडचण पुढे येते. बाहेरच्या भागाची वायर तुटते, बॅटरी थकते, पावसात यंत्र भिजतं, काही वर्षांनी प्रोसेसरच बदलावा लागतो. एका वायरला काही हजार रुपये. माझ्या बहिणीच्या घरी ते परवडलं. तिच्याबरोबर उपचाराला येणारी एक आई शेतमजुरी करायची. तिच्या मुलाची वायर तुटली आणि चार महिने यंत्र डब्यात पडून राहिलं. लाखो रुपयांचं यंत्र मुलाच्या डोक्यात शाबूत होतं आणि एका वायरीसाठी त्याचं बोलणं थांबलं. तो मुलगा त्या चार महिन्यांत बरेच शब्द विसरला.

म्हणून माजी विद्यार्थी संघापुढे मी तीन गोष्टी मांडते. शाळेला कमान बांधायचं ठरतंय, ती जरूर बांधू. पण त्याबरोबर आपल्या तालुक्यासाठी एवढं करू.

पहिली गोष्ट, ग्रामीण रुग्णालयाला नवजात बाळांचे कान तपासायचं ओएई यंत्र देऊ. 1978 साली डेव्हिड केम्प यांना असं आढळलं की निरोगी कान स्वतःही बारीकसा आवाज परत पाठवतो. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटं बोंडूक ठेवून तो प्रतिध्वनी काही मिनिटांत मोजता येतो, बाळ जागंही होत नाही. हजारात एक ते तीन बाळं मोठ्या बहिरेपणासह जन्मतात. 2013 साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांचं ऐकणं तपासणं आहेच, पण ते जन्मल्याबरोबर व्हायला गावात यंत्र आणि ते चालवणारं माणूस लागतं. महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार, असा जगभरचा नियम आहे. मी यंत्राची किंमत काढली आहे, ती कमानीच्या अंदाजपत्रकापेक्षा कमी आहे.

दुसरी, वायर आणि बॅटरीसाठी एक छोटा निधी. ज्या मुलाचं यंत्र बंद पडेल त्याच्या आईला आठवड्याच्या आत पैसे मिळतील, कागदपत्रं मागाहून. हिशेब ठेवायचं काम मी करते, ते मला जमतं.

तिसऱ्या गोष्टीला पैसे लागत नाहीत. तुमच्या नात्यात, शेजारात, कामावर कुणाकडे बाळ झालं की आपण विचारतो, मुलगा की मुलगी, वजन किती, कुणासारखं दिसतं. त्यात एक प्रश्न वाढवा. बाळाच्या कानाची तपासणी झाली का? आणि एखादी आई म्हणाली, की हाक मारली तर बघत नाही, तर तिला "बोलेल हळूहळू" असं सांगू नका. तिच्याबरोबर तपासणीला जा.

मी पाच वर्षांसाठी माझा वाटा आजच संघाच्या खजिनदारांकडे देते आहे. जेवणाच्या रांगेत ते वही घेऊन उभे राहणार आहेत, तेव्हा कोणी मागच्या दारानं जाऊ नका.